रेंजच्या झाडावरचा नवा फोन

महाविद्यालयाच्या दिवाळी अंकासाठी 'माझे काम' या विषयावर लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हटले. असे लेख निवृत्त माणसे लिहितात. त्यांच्याजवळ तीस-चाळीस वर्षांचे सांगण्यासारखे असते. मी सकाळी कॉलेजात असते आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एटापल्लीच्या बसस्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात. हे काम धरून मला तिसरे वर्ष लागले आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिली, त्यामुळे लिहिताना चूक झाली तर घरी विचारायलाही कोणी नाही. सर म्हणाले, "लोक तुझ्याकडे काय तक्रारी घेऊन येतात, तेवढंच लिही." तक्रारी मला पाठ आहेत. म्हणून लिहायला बसले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मोबाइलचे दुकान म्हणजे मोबाइल विकणे. विकणे हे त्यातले सगळ्यात सोपे काम. खरे काम विकल्यानंतर सुरू होते. आम्ही त्याला 'चालू करून देणे' म्हणतो. डबा उघडायचा, सिम टाकायचे, जुन्या फोनमधले नंबर नव्यात आणायचे, अक्षरे मोठी करायची, वरून काच चिकटवायची. हे सगळे होईपर्यंत गिऱ्हाईक खुशीत असते. मग त्याला, या फोनमध्ये काय काय नाही, ते सांगायचे असते. ते सांगताना अजूनही माझा आवाज बारीक होतो.

डब्यात चार्जर नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो. इयरफोनची पिन घालायला भोक नसते, आणि ती तार हीच रेडिओची अँटेना असल्यामुळे रेडिओही नसतो. बॅटरी काढता येत नाही. मेमरी कार्डाची जागा बऱ्याच फोनमध्ये गेली आहे. आमच्याकडे झाडीपट्टीची नाटके लोक मेमरी कार्डात भरून ठेवतात आणि धान राखताना ऐकतात. असेच नाटकांचे कार्ड घेऊन आलेल्या एका काकांना मी सांगितले, की हे यात बसत नाही. त्यांनी फोन चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "महालाएवढं घर बांधलं अन् खिडकीच नाई ठेवली? मिस्त्री कोन होता?"

दुकानाचे मालक दिवाकरभाऊ फोनदुरुस्ती घुग्घुसला शिकले. तिथे पाळी संपवून आलेले खाणीतले कामगार फोन काउंटरवर ठेवायचे आणि भाऊ बारीक ब्रशने त्यातला कोळसा काढायचे. त्यामुळे फोनमध्ये जितकी कमी भोके तितके भाऊंना बरे वाटते. नव्या फोनचे ते मनापासून कौतुक करतात. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ते कधी हसत नाहीत. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "जो कुरकुर करते, तो फोन वापरून राह्यला म्हणून समज. जो कायीच बोलत नाई, त्याचा फोन पेटीत पडला असते." हे मी कॉलेजात शिकलेल्या कितीतरी गोष्टींपेक्षा जास्त वेळा वापरले आहे.

आता चैतीबाईंचे सांगते.

गेल्या साली धानकापणीच्या दिवसांत एका दुपारी त्या दुकानात आल्या. पन्नाशीच्या असतील. त्यांचे गाव पक्का रस्ता सोडून बरेच आत, जंगलात आहे. त्यांचा मुलगा दसरू सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवतो. दसऱ्याच्या आधी त्यानेच आमच्याकडून आईसाठी नवा स्मार्टफोन नेला होता. त्यावरची काच मी चिकटवली होती, म्हणून तो मी लगेच ओळखला. चैतीबाईंनी पदराची गाठ सोडून फोन काउंटरवर ठेवला.

"जोहार, पोरी. हा ठेव अन् मले बटनवाला दे."

"काऊन, बाई? बिघडला का?"

"बिघडला नाई. लय चांगला आहे. आमच्या गावाले झेपत नाई एवढा चांगला आहे."

दिवाकरभाऊंनी हातातले काम खाली ठेवले आणि स्टूल पुढे सरकवले. चैतीबाई बसल्या आणि त्यांनी आम्हाला त्यांच्या गावचे रेंजचे झाड समजावून सांगितले.

गाव खोलगट जागी आहे. तिथे रेंज येत नाही. वर चढावर मोहाचे एक जुने झाड आहे, त्याखाली येते. म्हणून गावातले सगळे फोन सकाळी बांबूच्या टोपलीत घालून त्या झाडाच्या फांदीला टांगतात. रोज एका घरचे कोणीतरी झाडाखाली बसते. त्याला तिथे 'बारी' म्हणतात. बारीवाल्याने कोणाचाही फोन वाजला तर उचलायचा, निरोप ऐकायचा आणि खाली शेताकडे तोंड करून ज्याचा त्याला ओरडून सांगायचा. गावातून बाहेर फोन लावायचा असेल तरी तोच लावतो. त्या दिवशी त्याचे शेतातले काम बुडते, म्हणून संध्याकाळी प्रत्येक घरातून त्याच्या घरी एकेक मूठ तांदूळ जातो.

या टोपलीत चैतीबाईंचा जुना बटणांचा फोन सगळ्यांत कामाचा होता. रेंज तोच नीट धरायचा आणि त्याचा आवाज खालच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेतापर्यंत यायचा. दवाखान्याची गाडी बोलवायची असो की आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारायचे असो, बारीवाला तोच फोन घ्यायचा. पावसाळ्यात तो नाल्यात पडला आणि त्यानंतर चालू झाला नाही. त्याच्या जागी हा नवा टोपलीत गेला.

"हा माझं बोट मागते," चैतीबाई म्हणाल्या. "अन् बोट देलं तं वळखत नाई."

त्यांनी हात पुढे केला. बांबू सोलून सोलून बोटांची टोके अशी गुळगुळीत झाली होती, की त्यावर रेष दिसत नव्हती. दसरूने फोनला चार आकड्यांचे कुलूपही घातले होते, पण ते त्यालाच ठाऊक.

"टोपलीत ठेवला का आंधळा होते. इंग्रजीत कायतरी लिहून येते, अन् हात लावला तरी हालत नाई."

ते मला माहीत होते. फोनला अंधारात वाटते, की आपण कोणाच्या तरी खिशात आहोत. चुकून बटण दाबले जाऊ नये म्हणून तो स्वतःला बंद करून घेतो. टोपली म्हणून काही असते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

"अन् आवाज तं असा, जसा जावई सासऱ्याच्या घरी खोकते."

भाऊ हसले. मीही हसले. चैतीबाई मात्र हसल्या नाहीत.

"माझ्या सुनेचे दिवस भरत आले, भाऊ. कापणी सुरू आहे. मी राहीन खाली बांधीत. वर बारी आज याची, उद्या त्याची. पोट दुखाले लागलं, बारीवाल्यानं गाडीले लावाले फोन घेतला अन् फोन म्हनन, पह्यले चैतीबाईचं बोट आन. मंग?"

मी काचेच्या कपाटात पाहिले. बटणांचे फोन होते ती जागा रिकामी होती. शेवटचा आदल्या दिवशीच गेला होता आणि चंद्रपूरहून माल यायला आठवडा होता. मी भाऊंकडे पाहिले. त्यांनी सरळ सांगून टाकले, "बाई, बटनवाला आज नाई आहे."

चैतीबाई उठून उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या. त्यांची परतीची बस तासाभरात होती. पुढची दुसऱ्या दिवशी.

भाऊंनी फोन हातात घेतला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पोरी, यालेच बारीवर बसव."

हे असे काम मी कधी केले नव्हते. आमच्याकडे येणाऱ्याचा फोन जास्तीत जास्त त्याचा एकट्याचा कसा होईल, हेच आम्ही बघतो. बोट त्याचे, चेहरा त्याचा, कुलूप त्याचे. फोन बनवणारे फार हुशार आहेत. एवढ्याशा चपट्या पेटीत त्यांनी जे बसवले आहे, ते पाहून मला अजून नवल वाटते. फक्त एका फोनमागे एकच माणूस असतो, असे त्यांनी धरले आहे. इथे एका फोनमागे एक गाव होते.

दसरूला फोन लावून कुलुपाचा आकडा विचारला आणि कुलूप काढायला घेतले. तिथे माझा हात थांबला. उघडा फोन म्हणजे बँकेच्या संदेशांची भीती.

"बाई, बँकेचा नंबर यातलाच आहे का?"

"तो दसरूजवळ आहे. यात काय ठेवलं आहे चोराले? आमच्या गाईचे फोटू?"

कुलूप काढले. खिशातली झोप बंद केली. फोन सारखा नवे, वेगवान नेटवर्क शोधत होता आणि त्या चढावर ते नव्हतेच. त्या शोधात हातातली रेंजही सुटायची. त्याला जुन्या, साध्या नेटवर्कवर थांबायला लावले. आवाजाचे काही होईना. पूर्ण वाढवला तरी बाहेरच्या बसच्या हॉर्नपुढे तो कुठल्या कुठे जायचा. भाऊंनी आपला जेवणाचा रिकामा डबा पुढे केला. फोन आत ठेवून वाजवला तर आवाज चांगला घुमला, पण पडद्यावरच्या रेंजच्या रेघा कमी झाल्या.

"लोखंडानं रेंज अडते," भाऊ म्हणाले.

"मंग मडक्यात ठेवतो ना," चैतीबाई म्हणाल्या. "टोपलीत मडकं बसते आमचं."

त्यांना हे एवढे साधे वाटले, की त्या सांगून बाहेर बस बघू लागल्या.

फोन उचलण्याचा प्रश्न राहिला. नव्या फोनवर बोट वर सरकवावे लागते. धान कापून आलेले बोट त्यावर नुसते फिरते. सेटिंगमध्ये शोधता शोधता मला एक सोय सापडली. बाजूचे आवाज वाढवायचे बटण दाबले, की फोन उचलता येतो, आणि चालू-बंदच्या बटणाने ठेवता येतो. भाऊंनी वायरवर गुंडाळायची हिरवी आणि लाल टेप काढली आणि कव्हरवर एका बटणाशेजारी हिरवी, दुसऱ्याशेजारी लाल पट्टी चिकटवली. मग काउंटरवरून रिंग दिली. चैतीबाईंनी डोळे मिटले, चाचपडून हिरव्याजवळचे बटण दाबले आणि "हां!" अशा ओरडल्या, की शेजारच्या सलूनमधला माणूस तोंडाला फेस लागलेला तसाच बघायला आला.

शेवटी चित्रे. बारीवर बसणाऱ्या सगळ्यांनाच वाचता येत नाही. म्हणून पडद्यावरचे सगळे काढून मी चार मोठी चित्रे ठेवली. चित्राला बोट लावले की तिथे फोन लागणार. पहिले चित्र रुग्णवाहिकेच्या गाडीचे. दुसरे उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे. त्यांचा फोटो आमच्याकडे नव्हता, म्हणून औषधाच्या बाटलीचे चित्र टाकले. तिसरा दसरूचा फोटो.

"चौथा तुझा टाक," भाऊ मला म्हणाले. "फोन अडला तं विचारतीन कोनाले?"

मी ओढणी सारखी करून उभी राहिले. चैतीबाईंनी मला पाहिले. "हास ना, पोरी. फोटूच काढून राह्यले, सुई नाई टोचून राह्यले."

जायच्या आधी मी त्यांना दसरूला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. तो ट्रकच्या खिडकीत होता, अंगावर लोहखनिजाची लाल धूळ. चैतीबाई फोन अगदी नाकाजवळ धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड धुवत जाय रे." फोन पदरात बांधून त्या बसकडे गेल्या. बटणांचा फोन आला की कळवते, असे मी मागून ओरडले. त्यांनी हात हलवला.

त्यानंतर काही दिवसांनी मी भूगोलाच्या तासाला होते. मांडीवरचा फोन थरथरला. वर्गात फोन उचलायची बंदी आहे, आणि मी तोवर कुठलाही नियम मोडला नव्हता. पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपैकी मी. पण नाव दिसले, 'चैतीबाई झाड'. मी उठले. सर म्हणाले, "कुठे?" मी तशीच बाहेर व्हरांड्यात आले.

"हां! कोन? मी रैनू बोलून राह्यलो, बारीवरून!" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. फोन मडक्यात असेल, कारण आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "चैतीच्या सुनेले त्रास सुरू झाला. गाडी पाठव!"

मी विचारले, "आजोबा, गाडीच्या चित्राला बोट नाही लावलं का?"

"गाडीले काय लावू? गाडी बोलते का?" ते चिडले. "बाटली बोलते का? दसरूले लावला, त्यानं नाई उचलला. मंग तू दिसली. तू हासून राह्यली होती. मानूस दिसला त्याले लावला!"

मला खूप काही वाटले, पण ते तेव्हा वाटून घ्यायला वेळ नव्हता. "ठेवा आजोबा. तिथंच बसा. मी पाठवते," एवढेच म्हणाले.

रुग्णवाहिकेचा फोन लागला. गावाचे नाव सांगितले. मग नर्सबाईंना लावला. त्या लगेच निघते म्हणाल्या. मी भिंतीला टेकले तोच रुग्णवाहिकेच्या चालकाचा फोन आला. तो वाटेला लागला होता, पण नाल्यातून पुढे जाता येते की वरून वळसा आहे, हे त्याला माहीत नव्हते. मलाही नव्हते. मी त्या गावाला कधी गेलेलीच नाही. मी म्हटले, थांबा, विचारून सांगते, आणि झाडाला फोन लावला.

रिंग वाजत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर ते मडके, टोपली, आणि म्हाताऱ्याचे बोट पडद्यावर नुसते फिरत असलेले. भाऊंनी लावलेली टेप उन्हाने सुटली असेल का? फोन पुन्हा आंधळा झाला असेल का? व्हरांड्याच्या पलीकडे मुले क्रिकेट खेळत होती आणि मला त्यांचा राग येत होता. रिंग तुटायला आली होती.

"हां!"

मी व्हरांड्यातच खाली बसले. "आजोबा, गाडी कुठून येईल? नाल्यातून का?"

"नाल्यात पानी आहे! देवाच्या झाडापासून उजवीकडं म्हना. मी पोराले उभा करतो तिथी, गमछा घेऊन!"

मी ते चालकाला सांगितले. त्याने पुढे आणखी दोनदा विचारले, मी झाडाला दोनदा लावला, आणि दोन्ही वेळा तिकडून "हां!" आले. तास संपून सर बाहेर आले तेव्हा मी खालीच बसलेली होते, हातात वहीऐवजी फोन. ते रागावणार होते. मी कसेबसे सांगितले. ते म्हणाले, "गाडी पोचली का?" मी म्हटले, अजून कळलं नाही. मग ते तिथेच, माझ्याशेजारी उभे राहिले.

गाडी पोचली. रस्त्यात काही अडले नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. दसरूने ती पहिल्यांदा नर्सबाईंनी लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिली. या वेळी त्याने आधी तोंड धुतले होते की नाही, मला माहीत नाही.

चैतीबाई दुकानात आल्या त्या कापणी संपल्यावर. तोवर चंद्रपूरचा माल आला होता. भाऊंनी बटणांचा फोन काढून समोर ठेवला. चैतीबाईंनी तो हातात घेतला, हिरवे बटण दाबून पाहिले, चांगला आहे म्हणाल्या आणि परत ठेवला.

"यात या पोरीचा हासरा फोटू येते का?"

"नाई, बाई," भाऊ म्हणाले.

"मंग राहू द्या."

मी त्यांचा फोन घेतला आणि गाडीचे चित्र काढून तिथे रुग्णवाहिकेच्या त्या चालकाचा हसरा फोटो लावला. तो मी आधीच मागवून ठेवला होता. बाटलीच्या जागी नर्सबाईंचा. चैतीबाईंनी चारही चेहरे पाहिले. "आता बोलतीन," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून फडक्याची एक गाठोडी काढून माझ्यासमोर ठेवली. मी सोडली. आत तांदूळ होता. एका जातीचा नव्हता. काही दाणे लालसर, काही बारीक, काही जाडे, काही हाताने कांडलेले, काहींवर अजून तूस होते. सगळा एकात मिसळलेला.

"हे कशाला, बाई?" मी म्हटले. "मी पैसे घेतले नव्हते, पण ते तर..."

"पैशाचं कोन म्हनून राह्यलं?" चैतीबाई फोन पदरात बांधत होत्या. "घरोघरची मूठ आहे. त्या दिवशीची तुझी बारी होती ना."